'बायकांची भाषा' कोणी घडवली? जपानी भाषेवरील मियाको इनोउए यांचे संशोधन समजून घेताना

जपानी स्त्रिया फार मृदू आणि नम्र बोलतात, असे आपल्याकडे अनेकांना वाटते. जपानी शिकवणाऱ्या पुस्तकांमध्येही 'स्त्रियांची भाषा' असा वेगळा भाग सापडतो. पुरुषाने वाक्य असे संपवावे, स्त्रीने तसे, हे त्यात सांगितलेले असते. खुद्द जपानमध्ये या भाषेला 'ओन्ना कोतोबा' किंवा 'जोसेईगो' म्हणतात. ही भाषा शेकडो वर्षांपासून चालत आलेली आहे, ती स्त्रीच्या कोमल स्वभावातून आली आहे आणि आजकालच्या मुली ती बिघडवत आहेत, अशी समजूत तिथे खोलवर रुजलेली आहे.

या समजुतीला मियाको इनोउए यांनी अभ्यासाच्या आधारे आव्हान दिले. इनोउए या अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात मानववंशशास्त्राच्या प्राध्यापक आहेत. भाषा आणि समाज यांचा परस्परसंबंध हा त्यांच्या अभ्यासाचा विषय आहे. 2006 मध्ये त्यांचे 'व्हायकेरिअस लँग्वेज' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. या शीर्षकाचा अर्थ साध्या मराठीत 'दुसऱ्याच्या तोंडून भोगलेली भाषा' असा सांगता येईल. ज्या भाषेला आपण स्त्रियांची नैसर्गिक भाषा म्हणतो ती कोण बोलत होते, कोण ऐकत होते आणि कोण लिहीत होते, हे तीन प्रश्न त्यांनी वेगवेगळे केले. आमच्या मते त्यांच्या संशोधनाची खरी ताकद याच पद्धतीत आहे. म्हणून या लेखात आम्ही ते थोडे सविस्तर मांडत आहोत.

जपानीत स्त्री-पुरुष भेद कुठे दिसतो?

मराठीत 'मी जातो' आणि 'मी जाते' या दोन वाक्यांतून बोलणारा कोण आहे ते लगेच कळते. आपल्या क्रियापदातच लिंग आहे. जपानी व्याकरणात असे काही नाही. 'इकु' या क्रियापदाचा अर्थ जातो, जाते, जातात यांपैकी काहीही होऊ शकतो. नामालाही लिंग नाही. म्हणजे व्याकरणाच्या दृष्टीने जपानी ही मराठीपेक्षा कितीतरी जास्त समान भाषा म्हणावी लागेल.

तिथला भेद दिसतो तो प्रामुख्याने दोन ठिकाणी. पहिले ठिकाण म्हणजे 'मी' साठीचे शब्द. 'वाताशी' हा शब्द कोणीही वापरू शकतो, 'आताशी' हा बायकी मानला जातो, तर 'बोकु' आणि 'ओरे' हे पुरुषी मानले जातात. दुसरे ठिकाण म्हणजे वाक्याच्या शेवटी येणारे छोटे शब्द. 'इकु झो' किंवा 'इकु झे' म्हटले की ते पुरुषाचे बोलणे समजतात. 'इकु वा' म्हणताना शेवटी आवाज थोडा वर नेला की ते स्त्रीचे बोलणे समजतात. 'तेयो', 'दावा', 'नोयो', 'काशिरा' हे शेवट असेच बायकी मानले जातात.

मराठीतले एक उदाहरण घेऊ. 'मी नाही येणार' आणि 'मी नाही बाई येणार' या दोन वाक्यांचा अर्थ एकच आहे. व्याकरणाला त्या 'बाई'ची गरज नाही. पण ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर लगेच एक विशिष्ट प्रकारची स्त्री उभी राहते. जपानी वाक्यांचे हे शेवट साधारण असेच काम करतात. फरक इतकाच की जपानमध्ये त्यांची एक संपूर्ण व्यवस्था मानली गेली आणि तिला राष्ट्रीय परंपरेचा दर्जा मिळाला.

याच व्यवस्थेतला एक धागा ओढला तरी ती किती सैल आहे ते कळते. ओसाका आणि आसपासच्या कान्साई भागात पुरुषही वाक्याच्या शेवटी 'वा' लावतात, फक्त आवाज खाली नेतात. म्हणजे 'वा' या शब्दात स्वतःचा असा काही स्त्रीस्वभाव नाही. टोकियोच्या एका वर्गाच्या कानांनी त्याला तो अर्थ दिला.

पहिल्या विद्यार्थिनी आणि ऐकणारे पुरुष

इनोउए आपल्याला मेइजी काळात घेऊन जातात. 1868 मध्ये जपानमध्ये सत्तांतर झाले आणि देश झपाट्याने आधुनिक होऊ लागला. 1872 च्या शिक्षण आदेशाने मुलगे आणि मुली दोघांसाठीही प्राथमिक शिक्षणाचे धोरण आले. पुढे 1899 मध्ये मुलींच्या उच्च शाळांसाठी वेगळा आदेश निघाला. या शाळांचा घोषित हेतू 'र्योसाई केंबो' म्हणजे चांगली पत्नी आणि शहाणी आई घडवणे हा होता. तरीही एक गोष्ट घडलीच. तरुण मुली घराबाहेर पडल्या, एकत्र चालू लागल्या, रस्त्यावर आपसांत मोठ्याने बोलू लागल्या. जपानी शहरांसाठी हे दृश्य नवे होते.

हे बोलणे तेव्हाच्या सुशिक्षित पुरुषांच्या कानावर पडले. त्यांत लेखक, पत्रकार, शिक्षणतज्ज्ञ असे अनेक जण होते. त्यांनी नियतकालिकांतून लिहायला सुरुवात केली की या मुली 'तेयो', 'दावा', 'नोयो' असे काहीतरी विचित्र बोलतात, ते कानाला खुपते, ते असभ्य आहे. 1888 मध्ये ओझाकी कोयो या प्रसिद्ध कादंबरीकाराने स्त्रियांच्या एका मासिकात या 'फॅशनेबल बोली'वर टीका केली. ही बोली हलक्या दर्जाच्या सामुराई कुटुंबांतल्या मुलींमधून आल्याचे त्याने लिहिले आणि चांगल्या घरच्या मुलींनी ती टाळावी असे सुचवले. इतर काहींनी तिचे मूळ गेइशांच्या वस्तीत शोधले.

म्हणजे आज ज्या शब्दांना जपानी स्त्रीच्या सभ्यतेची खूण मानतात, तेच शब्द त्या काळात असभ्यतेची खूण होते. मुलींच्या बोलण्याची लाज वाटावी म्हणून त्याला खालच्या वर्गाचे मूळ चिकटवले गेले. स्त्रीला दूषण द्यायचे असेल तर तिला 'खालच्या' वर्गाशी जोडायचे, ही रीत आपल्या वाचकांना नवी वाटणार नाही.

इथे इनोउए एक महत्त्वाचा प्रश्न उभा करतात. त्या मुली नेमके कसे बोलत होत्या, याचा पुरावा आपल्याकडे काय आहे? त्यांचा आवाज कुठे नोंदवलेला नाही. आपल्याकडे आहेत ते ऐकणाऱ्या पुरुषांनी लिहिलेले लेख. रस्त्याने जाताना कानावर पडलेले तुकडे, ऐकणाऱ्याने निवडलेले आणि त्यानेच नाव दिलेले. म्हणून इनोउए बोलणाऱ्या मुलीइतकेच ऐकणाऱ्या पुरुषाकडे लक्ष द्यायला सांगतात. समाज वेगाने बदलत होता, जुनी ओळख सुटत होती आणि आधुनिक होण्याची ओढही होती. या सगळ्या अस्वस्थतेतून तो पुरुष विद्यार्थिनीचे बोलणे ऐकत होता. त्याला ऐकू आलेली 'बिघडलेली भाषा' त्याच्या स्वतःच्या भीतीबद्दलही बरेच काही सांगते.

निंदेपासून नायिकेपर्यंत

मग हीच बोली आदर्श कशी झाली? याचे उत्तर इनोउए त्या काळातल्या छापील जगात शोधतात.

मेइजी काळात लिहायची जपानी आणि बोलायची जपानी यांत मोठी दरी होती. ती बुजवण्यासाठी 'गेनबुन इच्ची' म्हणजे बोली आणि लेखन एक करण्याची चळवळ सुरू झाली. फुताबातेई शिमेई यांची 'उकिगुमो' ही कादंबरी 1887 ते 1889 या काळात आली आणि ती आधुनिक जपानी कादंबरीची सुरुवात मानली जाते. नव्या कादंबरीत माणसे बोलली पाहिजेत, संवाद खरा वाटला पाहिजे, अशी गरज निर्माण झाली. पण आधुनिक, शिकलेली तरुण स्त्री पानावर कशी बोलणार? तिच्यासाठी तयार साचा नव्हता. पुरुष लेखकांनी तो साचा त्याच विद्यार्थिनींच्या बोलीतून उचलला. 'तेयो' आणि 'दावा' हे शेवट कादंबरीतल्या नायिकांच्या तोंडी आले.

1903 मध्ये 'योमिउरी' या वृत्तपत्रात कोसुगी तेंगाई यांची 'माकाझे कोइकाझे' ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध झाली. तिची नायिका सायकलवरून जाणारी विद्यार्थिनी आहे. ही कादंबरी अफाट लोकप्रिय झाली. वाचकांसाठी आधुनिक मुलीचे कपडे, तिची सायकल आणि तिचे बोलणे हे सगळे एकाच चित्राचे भाग झाले.

पुढचे काम मासिकांनी केले. 1901 मध्ये सुरू झालेल्या 'जोगाकु सेकाई'सारख्या स्त्रियांच्या मासिकांत कथा होत्या, जाहिराती होत्या, वाचकांची पत्रे होती. ही मासिके टोकियोपासून दूरच्या गावांतही पोहोचत. तिथली एखादी मुलगी ज्या बोलीत कधी बोलली नव्हती, त्या बोलीत मासिकाला पत्र लिहू लागली. अनोळखी मैत्रिणींशी जोडून घेण्याचे ते साधन झाले. इनोउए यांची मांडणी एकांगी नाही हे इथे लक्षात येते. या मुलींनी ती भाषा स्वतःच्या आनंदासाठी आणि मैत्रीसाठीही वापरली. तरीही त्या मुली ज्या भाषेत 'मी' म्हणत होत्या, ती त्यांच्यापर्यंत कादंबऱ्या, कथा आणि जाहिरातींमधून आली होती.

हळूहळू ही बोली टोकियोच्या सुखवस्तू मध्यमवर्गीय स्त्रीची बोली मानली जाऊ लागली. तिच्यावर झालेली टीका आणि तिला चिकटवलेले 'हलके' मूळ, दोन्ही विसरले गेले.

'प्राचीन परंपरा' कशी तयार होते

या ठिकाणी आणखी एका अभ्यासिकेचे काम पाहणे उपयोगी ठरेल. जपानमधील कांतो गाकुइन विद्यापीठाच्या नाकामुरा मोमोको यांनी स्त्रीभाषेच्या इतिहासावर अनेक पुस्तके लिहिली आहेत. त्यांचे 2007 मधील एक जपानी पुस्तक, त्याच्या नावाचा अर्थच 'स्त्रीभाषा घडवली जाते' असा आहे.

नाकामुरा दाखवतात की विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जपानने प्रमाण भाषा ठरवली, तेव्हा टोकियोतल्या सुशिक्षितांची बोली आदर्श मानली गेली. हे सुशिक्षित प्रत्यक्षात पुरुष होते. 1902 मध्ये सरकारने राष्ट्रीय भाषेसाठी समिती नेमली आणि 1904 पासून देशभर सरकारी पाठ्यपुस्तके आली. प्रमाण भाषेच्या या चौकटीत विद्यार्थिनींच्या बोलीला जागा नव्हती. पुरुष विद्यार्थ्यांचे 'बोकु' आणि 'किमी' म्हणजे मी आणि तू हे शब्द मात्र मान्य झाले. मुलींनी हेच शब्द वापरले तर त्यांना उद्धट ठरवले जाई. प्रमाण भाषेच्या आग्रहाचा फटका प्रांतांनाही बसला. ओकिनावामध्ये शाळेत स्थानिक भाषा बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात शिक्षा म्हणून पाटी अडकवत असत.

1930 आणि 1940 च्या दशकांत, जपान साम्राज्य वाढवत असताना, चित्र पुन्हा पालटले. कोरिया आणि तैवानमध्ये जपानी भाषा लादली जात होती. जपानी भाषा श्रेष्ठ का, याची कारणे हवी होती. तेव्हा स्त्रियांची वेगळी, नम्र भाषा हे जपानी संस्कृतीचे भूषण आहे, असे काही भाषातज्ज्ञ सांगू लागले. तिचे मूळ थेट राजदरबारातल्या स्त्रियांपर्यंत नेण्यात आले.

दरबारातल्या स्त्रियांची वेगळी शब्दसंपदा होती, हे खरे आहे. तिला 'न्योबो कोतोबा' म्हणतात. मुरोमाची काळात, म्हणजे साधारण पाचशे-सहाशे वर्षांपूर्वी, ती प्रचलित होती. थंड पाण्याला 'ओहिया' आणि पोटाला 'ओनाका' हे शब्द तिथूनच आले. पण हे शब्द आज जपानमधले पुरुषही रोज वापरतात. हॉटेलात बसलेला कोणीही 'ओहिया' मागतो. आणि 'तेयो', 'दावा' हे शेवट या दरबारी शब्दांमधून आलेले नाहीत. दोन वेगळ्या गोष्टी एका दोऱ्यात ओवून एक सलग, हजारो वर्षांची वाटणारी परंपरा तयार केली गेली. दरबारातील स्त्री त्या परंपरेची आजी ठरली आणि रस्त्यावर मोठ्याने बोलणारी विद्यार्थिनी त्यातून गाळली गेली.

मग ही भाषा बोलते कोण?

इनोउए यांच्या पुस्तकाचा एक भाग वर्तमानाबद्दल आहे. त्यांनी टोकियोतल्या एका कंपनीत काम करणाऱ्या स्त्रियांचा प्रत्यक्ष अभ्यास केला. तिथे त्यांना दिसले की 'स्त्रीभाषा' सगळ्यांना माहीत आहे, ती कशी असते हे सगळ्या सांगू शकतात, पण रोजच्या बोलण्यात ती फार थोड्या जणी वापरतात. ज्या स्त्रिया प्रांतांतून आल्या होत्या, ज्यांच्या घरची बोली वेगळी होती, त्यांच्यासाठी तर ती दूरदर्शनवरच्या मालिकांत ऐकलेली भाषा होती. तिची ओळख होती, पण ती त्यांची नव्हती. पुस्तकाचे शीर्षक इथे उलगडते. देशातल्या बहुसंख्य स्त्रियांना त्यांची 'नैसर्गिक' भाषा दुसऱ्याच्या तोंडूनच भेटते.

शिगेको ओकामोतो यांनी 1995 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही टोकियोतल्या तरुण विद्यार्थिनी हे बायकी शेवट फारच कमी वापरतात असे आढळले होते.

मग ती भाषा टिकली कुठे? नाकामुरा यांनी याचे एक रंजक उत्तर दिले आहे: अनुवादात. परदेशी कादंबरी जपानीत आली की तिची नायिका हमखास स्त्रीभाषा बोलू लागते. 'गॉन विथ द विंड'मधली स्कार्लेट असो किंवा 'हॅरी पॉटर'मधली शाळकरी हर्मायनी असो, इंग्रजीत ज्यांच्या तोंडी असे काही नव्हते त्यांना जपानीत 'वा' आणि 'नोयो' मिळते. त्यांच्याच वयाची खरी जपानी मुलगी तसे बोलत नाही. गंमत म्हणजे जपानी दूरदर्शनवर ही भाषा सर्वांत सातत्याने वापरताना दिसतात ते 'ओने' म्हणून ओळखले जाणारे कलाकार, ज्यांत समलिंगी पुरुष आणि पारलिंगी व्यक्ती आहेत. स्त्रीच्या शरीरातून नैसर्गिकपणे उमटणारी भाषा म्हणून जिची ख्याती, ती अशा ठिकाणी नांदते आहे.

आणि तरीही तक्रार थांबत नाही. 'मुलींची भाषा बिघडली' हे 1888 मध्येही म्हटले जात होते आणि आजही म्हटले जाते. इनोउए म्हणतात, स्त्रीभाषा ही नेहमी नुकतीच हरवलेली असते. ती पूर्ण शाबूत होती असा काळ शोधायला गेलो तर तिथेही कोणीतरी तीच तक्रार करत असलेला सापडतो.

यातून आपण काय घ्यावे

कोणतीही सामाजिक रीत 'निसर्गतः आहे' किंवा 'पूर्वापार आहे' असे सांगितले जाते, तेव्हा तिचा इतिहास तपासला पाहिजे, ही समाजशास्त्राची पहिली शिकवण आहे. इनोउए यांनी ती भाषेला लावून दाखवली. 'बायका अशा बोलतात' हे वाक्य वर्णन म्हणून सुरू होते आणि बघता बघता हुकूम होते. मग त्या हुकुमात न बसणारी स्त्री, म्हणजे खेड्यातली, कामकरी, वेगळ्या बोलीची स्त्री, अपुरी ठरते. जपानमध्ये ज्या बाईच्या घरी 'दावा' कधी बोललेच गेले नाही, तिलाही आपण नीट स्त्रीसारखे बोलत नाही असे वाटत राहते.

मराठीत हे वेगळ्या रूपात दिसते. कोल्हापूरकडच्या मुली सहज 'मी आलो', 'मी जातो' म्हणतात. तिथे ते स्त्रियांचेच बोलणे आहे. पण तीच मुलगी पुण्या-मुंबईत शिकायला आली की वर्गात हशा पिकतो, कोणीतरी तिला 'मुलीसारखे बोल' असे सुनावते. तिची आई, आजी, मावशी तसेच बोलत आल्या, तरीही ती मुलीसारखी बोलत नाही असे ठरते. जपान आणि महाराष्ट्र यांचा इतिहास वेगळा आहे, भाषाही वेगळ्या आहेत. पण एका शहराच्या, एका वर्गाच्या कानाला जे योग्य वाटते ते साऱ्या स्त्रियांचे माप होते, ही गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे.

किशोरवयीन मुलींसोबत काम करताना आम्हाला हे संशोधन उपयोगी वाटते ते याच कारणासाठी. गटात पहिल्यांदा बोलायला उभी राहिलेली मुलगी काय सांगते यापेक्षा ती कसे बोलते याकडे आधी लक्ष जाते. आवाज मोठा आहे, शब्द गावठी आहेत, मुलीच्या जातीला शोभत नाही, अशा सूचना तिला चारही बाजूंनी मिळतात. त्यानंतर ती गप्प बसली तर नवल नाही. तिला दुरुस्त करण्याआधी शिक्षकांनी, पालकांनी आणि आम्हा कार्यकर्त्यांनीही एक प्रश्न स्वतःला विचारायला हवा: खुपते आहे ते तिच्या बोलण्यात आहे की आपल्या ऐकण्यात? मेइजी काळातल्या त्या विद्वानांनी हा प्रश्न स्वतःला विचारला नाही. त्यामुळे त्या मुली एकमेकींना नेमके काय सांगत होत्या, हे आज कोणालाच ठाऊक नाही. त्या वाक्य कसे संपवत होत्या, तेवढेच नोंदले गेले.